मोठ्या बाई पाहिजेत

शाळेतून,
ता. ९ जानेवारी

चि. भिंगरीस, आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चार ओळींत ख्यालीखुशाली उरकून पाचव्या ओळीत सही ठोकणारं माणूस आपल्या घरात तुझ्याआधी झालं नव्हतं. आपल्याकडे पत्र म्हणजे दोन्ही बाजू भरून मजकूर समासात चढलेला असतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेत शिकवायला लागलीस, म्हणून शाईची एवढी काटकसर करायचं कारण नाही.

आता कामाचं. यंदा शाळेला साठ वर्षं होतात. मुख्य मठातल्या मदरनी हुकूम सोडलाय की शाळेचा इतिहास लिहून छापायचा, आणि तो मी लिहायचा. पहिल्या दिवशी पहिल्या वर्गात बसलेल्या मुलींपैकी इथे टिकून राहिलेली मी एकटीच. विद्यार्थिनी होते, मग बाई झाले, मग सिस्टर, मग मोठ्या बाई. मठात शिकायला गेले तेवढीच काय ती फाटकाबाहेर. लिहायला बसले खरी, पण माझं लिहिणं सूचनाफलकासारखं होतं. म्हणून मजकूर तुला पाठवतेय. भाषा नीट कर आणि खोटं वाटेल तिथे खूण कर.

सुरुवात अशी आहे. शिट्टी मदर एका सिस्टरना बरोबर घेऊन इथे उतरल्या. (छापायच्या मजकुरात मी संस्थापक मदर असं लिहिलंय, पण गावात त्यांना दुसरं नाव नव्हतं.) राहायला आणि शिकवायला मिळून त्यांना एकच जागा मिळाली, टपालाच्या घोड्यांचा जुना तबेला. घोडे जाऊन बरीच वर्षं झाली होती, वास मात्र राहिला होता. बाकं नव्हती. आम्ही गव्हाणीच्या कडेवर ओळीने बसायचो, पाय आत सोडून. घंटाही नव्हती. मदर दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायच्या की पलीकडच्या कुरणातली जनावरं मान वर करायची. मुख्य मठातून निरोप आलाय की शिट्टीचा उल्लेख गाळावा, संस्थेला शोभत नाही. मी उलट कळवलंय की शिट्टी गाळली तर पहिली काही वर्षं शाळा भरलीच कशी, ते त्यांनीच लिहून द्यावं.

घंटा नंतर मिळाली, ती आगीच्या बंबाची. बंबवाल्यांनी नवी घेतली आणि जुनी आपल्याला दिली. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा अर्धं गाव बादल्या घेऊन तबेल्यासमोर हजर. मदरनी सगळ्यांचे आभार मानले आणि आणलंच आहे पाणी तर म्हणून तबेला धुऊन घेतला.

दुसरं काम जरा नाजूक आहे. एप्रिलअखेर मी मोकळी होतेय. माझी रवानगी वयस्कर सिस्टरांच्या विश्रांतीच्या घरी. इथे पाठवायला दुसऱ्या सिस्टर नाहीत, कारण नव्या मुली मठात येत नाहीत आणि जुन्यांचे गुडघे ऐकत नाहीत. मुख्य मठातल्या मदर म्हणतात की तोपर्यंत मोठ्या बाई व्हायला बाहेरचं कोणी लायक माणूस मिळालं तर बरं, नाहीतर वरचे वर्ग बंद. मुलांनी बसने शेजारच्या मोठ्या गावी जावं, आणि आपल्याकडे चौथीपर्यंतची शाळा तेवढी राहील. हे ऐकल्यापासून माझा जेवताना घास अडकतो.

बघ, मी काही म्हणत नाही. तुझ्या ओळखीत कोणी असेल तर कळव. बाई शक्यतो तिशी-पस्तिशीची असावी, भूगोल शिकवणारी, गावाची माहिती असलेली, आणि वडलांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान असेल तर फारच उत्तम.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आत्या


ता. १७ जानेवारी

ती. आत्यास, भिंगरीचा सा. न. वि. वि.

इतिहास वाचला. शिट्टी राहू दे. तीच एक गोष्ट मला पहिल्या वाचनात लक्षात राहिली. बादल्यांचा प्रसंगही ठेव, फक्त अर्धं गाव म्हणण्याऐवजी पेठ म्हण, नाहीतर उरलेलं अर्धं गाव विचारेल की आम्ही काय झोपलो होतो का. खूण एकाच ठिकाणी केली आहे. पहिल्या पानावर मुलींची शाळा आहे आणि चौथ्या पानावर अचानक मुलामुलींची. मधे मुलगे आले कुठून, ते तू खाऊन टाकलंस. चाळीस वर्षं वर्गात नीट उत्तरं द्या म्हणून डोळे वटारणाऱ्या बाईंना हे शोभत नाही.

आता जाहिरातीबद्दल. अशी बाई माझ्या ओळखीत एकच आहे आणि तिला नोकरी आहे. तिच्या शाळेत प्रयोगशाळेला काचेची कपाटं आहेत, ग्रंथालयात पंखे चालतात, आणि घंटा भिंतीतून आपोआप वाजते. बाई सुखात आहे. तेव्हा तिचं उत्तर नाही असं आहे. हे मी मुद्दाम ठळक लिहिलंय, कारण तू माझं नाही नेहमी बघू असं वाचतेस.

तुझ्या घासाचं वाचून मात्र वाईट वाटलं. जेवत जा. शिवणवाल्या सिस्टरना सांग, तुझ्यासमोर बसून तुझं ताट संपवून घ्यायला.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी,
भिंगरी


घड्याळाचं दुकान,
ता. २४ जानेवारी

चि. भिंगरीस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या काल दुकानात येऊन स्टुलावर बसली आणि मुलगे शाळेत कसे आले हे आपल्याला लिहिता येणार नाही म्हणाली. सख्ख्या भावाचं नाव इतिहासात घातलं तर लोक वशिला म्हणतील. म्हणून मीच लिहितो. मुलगे आले म्हणजे मी आलो.

तुझी आजी गिरणीत कामाला जायची. मला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ताई मला काखोटीला मारून शाळेत घेऊन जायची. मदरनी मला हाकललं नाही. गव्हाणीच्या टोकाला बसवलं. पण परवानगी होती ती मुलींच्या शाळेची. एकदा साहेब तपासणीला आले, तेव्हा मदरनी मला नकाशांच्या कपाटात घातलं आणि हूं की चूं करायचं नाही अशी ताकीद दिली. मी अगदी शहाण्यासारखा बसलो होतो. साहेबांनी वर्गाला तेराचा पाढा म्हणायला लावला. सातव्या पायरीवर वर्ग अडखळला, तुझी आत्या धरून. मला तो पाढा रोज ऐकून ऐकून पाठ होता आणि शांतता सहन होईना. मी कपाटातून एक्याण्णव असं ओरडलो आणि पुढचा पाढाही पुरा केला.

साहेबांनी कपाट उघडलं नाही. शेऱ्यात लिहिलं की शाळेचं फर्निचरसुद्धा तयारीचं आहे, आणि मुलगे घ्यायला हरकत नाही. तुझी आत्या म्हणते की फर्निचरचं मी मनचं घालतो. घालत असेन. पण मुलगे घेतले हे तर खरं ना.

आणि घंटेची गोष्ट तिने लिहिली, पण तिचा नियम लिहिला नाही, कारण त्यात तिची फजिती आहे. तू त्याच शाळेत शिकलीस, नियम तुला ठाऊक आहे: उशिरा आलेल्याला शिक्षा नाही, फक्त दुसऱ्या दिवशीची घंटा त्याने वाजवायची, म्हणजे झक मारत सगळ्यांच्या आधी यावं लागतं. पण तू जन्मायच्या आधी एकदा काय झालं, आदल्या दिवशी सगळेच्या सगळे वेळेवर आले. सकाळी घंटेच्या दोराला हात लावायला कोणी हक्काचं नाही. मुलं पटांगणात, सिस्टर पायरीवर, आणि नियम मोडायला कोणी तयार नाही. शेवटी तुझी आत्या, तेव्हा नवी नवी बाई झालेली, फाटकाबाहेर गेली, कुरणाला एक चक्कर मारून आली आणि आपल्याला उशीर झाला असं तिने जाहीर केलं. मग मदरनी दाखवून दिलं की त्यामुळे तिला उद्याची घंटा मिळाली, आजची नाही. त्या दिवशी शिकवणं संध्याकाळपर्यंत झालं, पण रीतसर बघितलं तर शाळा भरलीच नाही. तेव्हापासून तिथे शिक्षकांमध्ये उशिरा येण्याच्या पाळ्या लावलेल्या आहेत.

या घंटेवर गाव घड्याळं लावतं. चांगली चालणारी घड्याळं लोक माझ्याकडे घेऊन येतात आणि घंटेशी जुळत नाही म्हणून तक्रार करतात. मी ती एक दिवस ठेवून तशीच परत देतो.

मोठ्या बाईंच्या जागेसाठी एक गृहस्थ आले आहेत. लष्करातून निवृत्त, मिशा चांगल्या. घंटा विजेची करणार म्हणतात. खरं तर मी त्यांच्या बाजूने असायला हवा, पण सगळ्या गावाची घड्याळं बरोबर झाली तर दुकानात येणार कोण.

तू ये की नको येऊस, मी तुझ्या मागे लागणार नाही. तुझी खोली मात्र झाडून ठेवली आहे. जाळी फार झाली होती म्हणून.

आठवणीत ठेव.
तुझे,
बाबा


शाळेतून,
ता. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुंड्याने काय काय लिहिलं असेल ते त्याच्या तोंडावरून कळलं. फर्निचरचं खोटं आहे. एक्याण्णवचं खरं आहे. दोन्ही मी लिहून काढलंय, कपाटातला मुलगा कोणाचा कोण ते न सांगता.

दुसरं प्रकरण सोबत आहे. शाळा वाढली कशी, हे त्यात मांडलंय. मुख्य मठाला वाटतं की काही योजना असेल. योजना कसली. आम्ही चौथी पास झालो आणि शाळा चौथीपर्यंतच होती. मदरनी निरोपाचा समारंभ ठेवला, बोलायला उभ्या राहिल्या, दोन शब्द बोलल्या, घळाघळा रडायला लागल्या आणि खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला. पाचवीची खोली झाली. पुढच्या वर्षी पुन्हा समारंभ, पुन्हा रडणं, पुन्हा गवंडी. असं करत करत मॅट्रिकपर्यंतच्या खोल्या झाल्या. मदरना आम्हाला निरोप देता येईना, म्हणून गावाला हायस्कूल मिळालं. मॅट्रिकनंतर आणखी वर्ग काढायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी आमच्यातल्या जमेल तितक्यांना शिक्षिका करून ठेवून घेतलं.

दरवर्षी गवंडी वेगळा, जमीन उताराची, आणि नकाशा कुणी काढलेलाच नाही. तुला माहीतच आहे, सहावीत जायला पायरी चढावी लागते आणि सातवीत जायला उतरावी लागते. आठवीची खिडकी उघडली की समोर नववीची भिंत. पाहुणे हसतात. मला त्या सगळ्या खोल्या नीट पाठ आहेत, कुठे पाय जपून टाकायचा तेसुद्धा. उद्या पाचवीपासून पुढे कुलपं लागली आणि आत पारव्यांनी घरटी केली, तर ते मला बघवायचं नाही. बरं तर बरं, तेव्हा मी इथे नसेन.

मिशांचे गृहस्थ येऊन गेले. त्यांनी सगळ्या पायऱ्यांची उंची मोजली आणि जमीन एका पातळीत आणायची म्हणाले. पहिलीतल्या पोरांना जवान म्हणून हाक मारली. एका जवानाने त्यांना आपला सैल झालेला दात दाखवला, त्यावर काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. माणूस वाईट नाही. मुख्य मठातल्या मदरना पसंत आहे. दुसरं कोणी आलं नाही तर मार्चअखेर तेच नक्की होतील. वर्ग वाचतील, हे खरं. पण शाळेचं काय होईल ते मला कळत नाही.

तुझं नाही वाचलं. ठळक होतं. अक्षर सुधारलंय.

विसरू नकोस.
तुझी,
आत्या


ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दुसरं प्रकरण एका बैठकीत वाचलं. एकाही शब्दाला हात लावायचा नाही. मदर रडून खाली बसतात तिथे मीही जरा थांबले.

आता मी जे लिहितेय त्यात थट्टा नाही, म्हणून चष्मा लावून वाच.

मी त्या शाळेत शिकले तेव्हा फाटकाबाहेर तू माझी आत्या होतीस आणि मी तुला तू म्हणायची. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की तुम्ही आणि सिस्टर. ते मी शिकले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत गेल्यावर तू मला बघायचीच नाहीस. बाकीच्या मुलींच्या वहीवर छान असं लिहायचीस, माझ्या वहीवर नुसती बरोबरची खूण. गॅदरिंगच्या नाटकात मला कधी काम दिलं नाहीस, भाचीला काम दिलं तर लोक बोलतील म्हणून. मला पडदा ओढायला उभं केलंस. दरवर्षी. राजा झालेल्या मुली मोठ्या होऊन कुठल्या कुठे गेल्या, त्यांना आपलं एक वाक्यही आठवत नसेल. मला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत, कारण मी दोरी धरून अंधारात उभी असायची.

आता तू बोलावते आहेस. तबेला, शिट्टी, कपाट, गवंडी, एकेक पान पाठवून मला गळ टाकते आहेस, आणि खरं सांगायचं तर गळाला मासा लागतोय. पण या सगळ्या पानांत तू एकदाही लिहिलं नाहीस की मीच का. दुसरं कोणी मिळत नाही म्हणून? मिशांपेक्षा मी बरी म्हणून? घरचं माणूस, हक्काने राबवून घेता येईल म्हणून? मी चांगली शिकवते की नाही याबद्दल तुझं काय मत आहे, ते मला आजतागायत माहीत नाही. बारा गावच्या पालकांनी माझं कौतुक केलं असेल, तुझ्याकडून नुसती बरोबरची खूण.

मला साध्या शब्दांत लिही. नाहीतर मला पुन्हा पडदा ओढायला बोलावतेयस असंच मी समजेन, आणि येणार नाही.

लिहिताना जीव जड झालाय. तरी लोभ कमी केलेला नाही, तूही करू नकोस.
तुझी,
भिंगरी


शाळेतून,
ता. १८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. पडदा ओढणं हे जबाबदारीचं काम आहे. तू उभी असायचीस त्या सगळ्या वर्षांत पडदा एकदाही अडकला नाही, हे इथल्या जुन्या शिक्षकांना विचार.

स्तुतीबद्दल म्हणशील, तर माणसाच्या तोंडावर त्याची स्तुती करू नये असं आम्हाला मठात शिकवलंय. पचत नाही ती.

तिसरं प्रकरण पाठवतेय. स्वच्छतागृहांची उभारणी आणि नळाची जोडणी. कंटाळवाणं आहे, पण मुख्य मठाला आवडेल.

प्रकृतीला जप.
सिस्टर

(सवयीने सही चुकली. खोडत बसत नाही.)


घड्याळाचं दुकान,
ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून तुला टपालाने पत्र पाठवतोय म्हणून पोस्टमन माझ्याकडे बघून हसला. काय करू, समोर आलो की तू मला वर्गातल्यासारखं गप्प बसवतेस, आणि मठाच्या बैठकीत शिवणवाल्या सिस्टर सुई धरून बसलेल्या असतात. त्यांना ऐकू कमी येतं म्हणतात, पण आपल्या घरातलं सगळं त्यांना बरोब्बर ऐकू जातं.

पोरीने मला तुझ्या पत्राची नक्कल पाठवली आहे. नळाची जोडणी. ताई, तू एवढी मोठी शाळा चालवलीस, आणि एका पोरीच्या साध्या प्रश्नाला पाठ दाखवून नळाकडे पळालीस. ती विचारतेय त्याचं उत्तर तुझ्याकडे नसतं, तर मी काही बोललो नसतो. पण ते आहे. गेल्या वर्षी डोळे दाखवायला शहरात गेली होतीस, तिथून परतल्यावर तडक माझ्या दुकानात आलीस, स्टुलावर बसलीस, आणि मला घड्याळातून डोकं वर काढायला लावून जे सांगितलंस, ते सगळं मी ऐकलंय. ते ऐकायचा माझा काय अधिकार. ज्या पोरीबद्दल होतं तिला मात्र एक अक्षर नाही.

मी सांगून टाकलं असतं, पण माझ्या तोंडून त्याला किंमत नाही. बाप सगळ्याच पोरींची स्तुती करतो. तू करत नाहीस म्हणून तुझीच हवी तिला.

तिला चढेल बिढेल याची काळजी नको. चौतीस वर्षांची आहे ती. आता नाही चढणार तर कधी चढणार.

लहान तोंडी मोठा घास घेतलाय, पण भाऊ म्हणून ठेवून घे.
तुझा,
गुंड्या


शाळेतून,
ता. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुंड्याने माझी हजेरी घेतली. बरंच झालं. या पत्रासोबत प्रकरण जोडलेलं नाही.

गेल्या वर्षी मी डोळे दाखवायला तिकडे आले होते, ते तुला कळवलं नव्हतं. डॉक्टरांनी लवकर सोडलं आणि बसला अवकाश होता, म्हणून तुझी शाळा बघायला आले. फाटकावरच्या माणसाने काही विचारलं नाही. झग्यातली बाई शाळेत शिरली की ती तिथलीच असणार असं लोकांना वाटतं, त्याचा मी आजवर पुष्कळ फायदा घेतलाय. विचारत विचारत तुझ्या वर्गाशी आले आणि व्हरांड्यात दाराच्या आड उभी राहिले.

आत गोंगाट चालला होता. माझा हात टाळी वाजवून वर्ग गप्प करायला आपोआप वर गेला. मग माझं लक्ष तुझ्याकडे गेलं. तू वर्गाकडे पाठ करून उभी होतीस आणि फळ्यावर नदी काढत होतीस, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू सरकत. गोंगाट नदीचाच होता. एक पोरगी म्हणत होती की इथे पूल पाहिजे, दुसरी म्हणत होती की पूल नको, होडी ठेवा. मागून एकाने सांगितलं की या वळणावर आपले काका राहतात. तू मान न वळवता त्याला विचारलंस की नदीच्या अलीकडे की पलीकडे, आणि तो सांगेल तिथे काकांचं घर काढलंस. फळा संपेपर्यंत तू एकदाही मागे वळून बघितलं नाहीस. तुझ्या पाठीमागे कोणी खोडी काढली नाही, कोणी जागा सोडली नाही. मी शेवटच्या बाकांवर डोळा ठेवून होते, खोड्या नेहमी तिथूनच सुरू होतात. तिथलीही पोरं पुढे वाकून नदी बघत होती.

भिंगरी, मी चाळीस वर्षांवर फळ्यावर लिहीत आले, पण वर्गाला पूर्ण पाठ कधी केली नाही. आम्ही तिरक्या उभ्या राहतो, एक डोळा खडूवर आणि एक डोळा पोरांवर. त्यामुळे माझी ओळ कधी सरळ आली नाही, वर चढत जाते. इथली मुलं म्हणतात की सिस्टरांची वाक्यं डोंगरावर जातात. पुष्कळ चांगल्या बाई मी पाहिल्या, शिट्टी मदर धरून, सगळ्या तिरक्याच लिहायच्या. पोरांवर माया होती सगळ्यांची. पाठ फिरवायची छाती कोणाची झाली नाही.

मी तुला न भेटता जिना उतरले. भेटले असते तर सिस्टर म्हणून काहीतरी चूक काढली असती, नदीचा उगम जरा वर हवा होता वगैरे. बसमध्ये माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारच्या बाईने विचारलं, तिला मी डॉक्टरांनी थेंब घातलेत म्हणून सांगितलं. मला फार आनंद झाला होता आणि थोडा हेवाही वाटत होता. गावात उतरल्यावर कोणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना, म्हणून गुंड्याकडे गेले.

तेव्हा तू का, याचं उत्तर हे आहे. जागा रिकामी होणार हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. माणूस मिळत नाही असंही नाही, मिशांचे गृहस्थ एका पायावर तयार आहेत. मी पाहिलेल्या सगळ्या शिक्षकांत तू सगळ्यात चांगली आहेस. हे मी डोळे तपासून घेतल्यावर पाहिलंय.

तू आली नाहीस तरी यातला शब्द मागे घेणार नाही. आणि आलीस तर व्हरांड्यात उभं राहून तुझ्यावर नजर ठेवायला मी नसेन. याचं वाईट वाटतंय, पण तुझ्यासाठी तेच बरं.

माझ्यावर माया ठेव. मागते आहे.
तुझी,
आत्या


ता. २० मार्च

ती. आत्यास, भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी कामं उरकायची होती. राजीनामा दिला. आमच्या मुख्याध्यापकांनी पगार वाढवून देऊ म्हणून पाहिलं, मग दुखतंय का कुठे म्हणून विचारलं. परवा मुख्य मठात जाऊन मदरना भेटून आले. त्यांनी घंटा विजेची करणार का असं विचारलं. मी नाही म्हटलं आणि उशिराच्या पाळ्यांबद्दल सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं. तुला आता खुलासा मागतील, तयारीत राहा. पण निघताना म्हणाल्या की नेमणुकीचं पत्र टाइप करायला सांगते, आणि इतिहासात शिट्टी राहू द्या. वरचे वर्ग चालू राहतील. गवंड्यांच्या सगळ्या खोल्या आता माझ्या गळ्यात आल्या, सातवीच्या पायरीसकट.

मी एप्रिलच्या मध्याला येते. बाबांना सांग, खोलीतली जाळी पुन्हा झाली असतील तर पुन्हा काढा. तुझी निघायची तारीख पुढे ढकलता येते का तेही मी मदरना विचारलं. नाही म्हणाल्या. मला तिथल्या तिथे रडू आलं, अगदी शिट्टी मदरसारखं, फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी बोलवायला माझ्याकडे गवंडी नाही. इतकी वर्षं तू तिथे आहेस म्हणून मी येत नव्हते. आता तू नसशील म्हणून पाय निघत नाही. याला काय म्हणावं ते तूच ठरव. पंधरा दिवस तरी आपण दोघी तिथे एकत्र असू. तेवढ्यात तू मला खोल्या दाखव आणि मी तुला फाटकाच्या आतसुद्धा तू म्हणणार आहे, शिवणवाल्या सिस्टर ऐकत असल्या तरी.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, डोक्यात जाईल तुझ्या. पण एक राहिलं. तो नदीचा तास मला आठवतो. संपल्यावर पहिल्या बाकावरच्या पोरीने सांगितलं होतं की पांढऱ्या झग्यातल्या कोणीतरी आजी बराच वेळ दाराशी उभ्या होत्या आणि गेल्या. मी बाहेर येऊन बघितलं, जिन्यापर्यंत गेले, कोणी नव्हतं. एवढं कौतुक केलंस, म्हणून खरं सांगून टाकते. दाराआड तू आहेस हे मला कळलं असतं ना आत्या, तर मीही तिरकीच उभी राहिले असते.

येतेच आहे. तोवर सगळी माया जपून ठेव.
तुझी,
भिंगरी